"आपल्याकडं लिंडा कोण हाय?" नसलेल्या पत्त्यांवरचा मेल पोस्टफिक्समध्ये कसा वळवायचा

तुरीची आवक जोरात असताना लातूरच्या एका डाळ मिलमधून फोन आला. खरेदी बघणारे काका वैतागलेले. गुलबर्ग्याच्या पार्टीने मालाच्या नमुन्याचा रिपोर्ट तीनदा पाठवला आणि तीनदा तो परत गेला. "सर, आमचे मेल कुठं जाऊ लालेत? बघा की जरा." बघितलं. काकांच्या नावात 'क्ष' आहे. आम्ही खातं काढताना तो 'एक्स'ने लिहिला होता, पार्टीने 'के-एस-एच'ने. सर्व्हरच्या लेखी असा माणूसच मिलमध्ये नाही, म्हणून त्याने नियमाप्रमाणे मेल नाकारला.

मालक म्हणाले, "नावात काही का असंना, गेटात आलेला माल आपला." मलाही पटलं. दोन ओळी बदलल्या आणि त्या डोमेनवर कुठल्याही नावाने आलेला मेल मुनीमजींच्या इनबॉक्समध्ये पडू लागला. तीन आठवड्यांनी मुनीमजींचा फोन: "सर, आपल्याकडं लिंडा कोण हाय?" लिंडा, डेव्हिड, जॉन, सेल्स, मार्केटिंग, अकाउंट्स. स्पॅम पाठवणारी यंत्रं नावांची यादी घेऊन दार वाजवत फिरत असतात. आधी सर्व्हर त्यांना दारातूनच हाकलत होता, आता मी सगळ्यांना ओसरीवर बसवलं होतं. त्या ढिगाऱ्यात ट्रान्सपोर्टवाल्याचा एक खरा मेल चार दिवस तसाच पडून राहिला.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, वाचायचा, मग खरोखर चुकणाऱ्या स्पेलिंगना वाट करून द्यायची, आणि सगळं गोळा करणारा 'कॅच-ऑल' अगदीच अडलं तर लावायचा. हा लेख त्याच क्रमाने जातो. पोस्टफिक्स, म्हणजे मेल घेणारा-पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम, लिनक्सवर बसवलेला आहे, मेल येतो-जातो आहे आणि तुम्हाला सुडो (प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणं) वापरता येतं, एवढं मी धरून चाललोय.

लिहिण्याबद्दल एक सूचना. इथे सेटिंग आणि कमांडची नावं देवनागरीत आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाका आणि शब्दांमधली खालची रेघ जशीच्या तशी ठेवा. स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. डोमेन म्हणून मी एक्झाम्पल.कॉम वापरलंय, ते उदाहरणांसाठीच राखीव असतं. तिथे तुमचं डोमेन घाला.

पायरी १: चुकलात तरी मेल हरवणार नाही अशी सोय

आधी मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेटिंगच्या फाइलची प्रत काढा:

सुडो सीपी /ईटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ /ईटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ.जुनी

मग ही ओळ चालवा:

सुडो पोस्टकॉन्फ -ई "सॉफ्ट_बाउन्स = यस"
सुडो पोस्टफिक्स रीलोड

मेल सर्व्हर नकार दोन प्रकारे देतो. पाचने सुरू होणारा कोड, उदाहरणार्थ ५५०, म्हणजे "असा माणूस इथे राहत नाही, पत्र परत न्या." चारने सुरू होणारा, उदाहरणार्थ ४५०, म्हणजे "आत्ता घर बंद आहे, नंतर या." चारचा कोड मिळाला की पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स स्वतः पाठवत असेल तर मूळ सेटिंगनुसार ५ दिवस करतो. सॉफ्ट_बाउन्स लावला की आपला सर्व्हर पाचचे नकार चारमध्ये बदलतो. म्हणजे प्रयोग करताना सगळी खाती 'अनोळखी' करून ठेवलीत तरी पार्टीचा मेल तिच्याच सर्व्हरवर थांबेल आणि तुम्ही चूक सुधारली की येईल. आमच्याकडे लाइट गेल्यावर सर्व्हर बंद पडतो, तेव्हाही मेल याच मुरवतीवर तगतात.

काम झालं की ही ओळ काढायची आहे. ती राहून गेली तर चुकीच्या पत्त्यावर मेल टाकणाऱ्याला आपली चूक कळायलाच कित्येक दिवस लागतात.

पायरी २: तुमचं डोमेन कुठल्या खात्यात मोडतं?

नवे लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात. नेटवर कुणाची तरी दोन ओळींची युक्ती सापडते, ती चिकटवतात आणि काहीच होत नाही. कारण ती युक्ती वेगळ्या प्रकारच्या डोमेनसाठी असते. पोस्टफिक्स आपल्याकडे येणाऱ्या डोमेनचे चार प्रकार मानतं, आणि 'अनोळखी पत्ता' म्हणजे काय हे प्रत्येकात वेगळ्या यादीवरून ठरतं.

पहिला प्रकार लोकल. डोमेन मायडेस्टिनेशन या सेटिंगमध्ये असतं आणि लिनक्सवरचं प्रत्येक खातं म्हणजे एक मेल पत्ता. ओळखीचे कोण, हे लोकल_रिसिपियंट_मॅप्स ठरवतं. तिथे मुळात मशीनची पासवर्ड फाइल आणि अलायस फाइल असते. अलायस म्हणजे खऱ्या खात्याकडे नेणारं दुसरं नाव.

दुसरा व्हर्च्युअल अलायस. या डोमेनला स्वतःचे मेलबॉक्स नसतात. प्रत्येक पत्ता दुसऱ्या कुठल्या तरी पत्त्याकडे बोट दाखवतो.

तिसरा व्हर्च्युअल मेलबॉक्स. खाती लिनक्सवर नसतात, वेगळ्या यादीत किंवा मायएसक्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये असतात. पॅनेलवरून मेल खाती काढणारे बहुतेक सेटअप या प्रकारातले.

चौथा रिले. आपण फक्त मधला दरवाजा, खरे मेलबॉक्स मागच्या दुसऱ्या सर्व्हरवर. ओळखीच्यांची यादी रिले_रिसिपियंट_मॅप्समध्ये असते. ती रिकामी असेल तर आपला दरवाजा सगळ्यांना आत घेतो.

तुमचा प्रकार कुठला? अंदाज बांधत बसू नका. हे चालवा:

पोस्टकॉन्फ -एन

यात फक्त बदललेल्या सेटिंग दिसतात. आपलं डोमेन कुठल्या ओळीत आहे ते शोधा. एकच डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल_अलायस_डोमेन्स अशा दोन्हीकडे दिसलं तर आधी ते निस्तरा. एका डोमेनला एकच घर. दोन घरं दिली की पोस्टफिक्स लॉगमध्ये ताकीद देत राहतं आणि मेल कधी इकडून, कधी तिकडून नाकारला जातो.

पायरी ३: लॉग वाचा, अर्धं उत्तर तिथेच आहे

उबुंटू आणि डेबियनवर लॉग बहुधा /व्हार/लॉग/मेल.लॉग इथे असतो, रेड हॅटच्या घराण्यात /व्हार/लॉग/मेललॉग इथे. फाइल सापडली नाही तर जर्नलसीटीएल या सिस्टिमचा लॉग दाखवणाऱ्या कमांडने शोधा. शोधायचे शब्द दोनच: 'यूझर अननोन', त्यात यूझरचा 'यू' मोठा.

सुडो ग्रेप "यूझर अननोन" /व्हार/लॉग/मेल.लॉग

ओळ साधारण अशी दिसते:

नोक्यू: रिजेक्ट: आरसीपीटी फ्रॉम (पाठवणारा सर्व्हर): ५५० ५.१.१ <लिंडा@एक्झाम्पल.कॉम>: रिसिपियंट अ‍ॅड्रेस रिजेक्टेड: यूझर अननोन इन लोकल रिसिपियंट टेबल

शेवटचे तीन शब्द नीट बघा. 'लोकल रिसिपियंट टेबल' असेल तर डोमेन पहिल्या प्रकारचं. 'व्हर्च्युअल अलायस टेबल' असेल तर दुसऱ्या, 'व्हर्च्युअल मेलबॉक्स टेबल' असेल तर तिसऱ्या, 'रिले रिसिपियंट टेबल' असेल तर चौथ्या. दुसऱ्या पायरीचं उत्तर लॉग असं आयतं हातात ठेवतो. 'नोक्यू' म्हणजे हा मेल रांगेत शिरलाच नाही, दारातूनच परत गेला. तसंच व्हायला हवं. आत घेऊन मग नाकारणं वाईट, त्याकडे पुढे येतोच.

आता नाकारलेले पत्ते बाजूला काढा आणि सॉर्ट, मग युनिक -सी, मग सॉर्ट -एनआर अशा साखळीतून कुठला पत्ता किती वेळा आला ते मोजा. युनिकचं खरं स्पेलिंग यू-एन-आय-क्यू, पुढे काही नाही. कागद घ्या आणि तीन ढीग करा: आपल्याच माणसांची चुकलेली नावं, सोडून गेलेल्यांची नावं, आणि लिंडा. मी हे काम मुनीमजींना शेजारी बसवून केलं. मला जो कचरा वाटत होता त्यातली दोन नावं त्यांनी ओळखली. एक होतं जुन्या गोदामाचं, दुसरं मालकांच्या घरगुती नावाचं.

पायरी ४: आपल्या नावांची इंग्रजी रूपं

मराठी नाव इंग्रजीत लिहिण्याची एकच एक रीत नाही, त्यामुळे पहिला ढीग आपल्याकडे मोठाच असतो. 'व' कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. 'क्ष'ला 'एक्स' किंवा 'के-एस-एच'. दीर्घ 'ई'ला एक 'आय' किंवा दोन 'ई'. 'ठ्ठ' आला की किती 'टी' आणि किती 'एच' हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. 'ज्ञ'बद्दल तर बोलायलाच नको, 'डी-एन-वाय' पासून 'जी-वाय' पर्यंत काहीही येतं. शेवटचा 'अ' काही जण लिहितात, काही गाळतात. तुळजापूर, वसमत, वैजापूर असं गावाचं नाव पत्त्यात घेतलेल्या शाखांचीही हीच गत.

प्रत्येक माणसामागे दोन-तीन रूपं धरली तरी ऐंशी टक्के तक्रारी मिटतात असं मी म्हणणार नाही, मी मोजलेलं नाही. पण माझ्याकडे येणारे फोन थांबले.

लोकल प्रकार असेल तर /ईटीसी/अलायसेस उघडा. डावीकडे चुकीचं रूप, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग खरं खातं:

खरेदी-केएसएच: खरेदी-एक्स

सेव्ह करून

सुडो न्यूअलायसेस

चालवा. ते विसरलात तर फाइल बदलली तरी पोस्टफिक्स जुनीच यादी वाचत राहील. याच फाइलमध्ये पोस्टमास्टर नावाचा अलायस एखाद्या जित्याजागत्या माणसाकडे जातो की नाही तेही बघून घ्या. मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर तो पत्ता चालू असला पाहिजे, असा एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीचा, नियमच आहे.

व्हर्च्युअल प्रकार असेल तर मेन.सीएफमध्ये

व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

असं हवं. त्या फाइलमध्ये दोन टिंब नाहीत, मधे फक्त मोकळी जागा:

खरेदी-केएसएच@एक्झाम्पल.कॉम   खरेदी-एक्स@एक्झाम्पल.कॉम

मग सुडो पोस्टमॅप /ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल. पोस्टमॅपनंतर रीलोडची गरज नाही, टेबल बदललेलं पोस्टफिक्सला कळतं. मेन.सीएफ बदललं तर मात्र रीलोड हवाच. काही नव्या सिस्टिमवर 'हॅश' प्रकार काढून 'एलएमडीबी' दिलेला असतो. तुमच्याकडे काय चालतं ते पोस्टकॉन्फ डिफॉल्ट_डेटाबेस_टाइप असं विचारा आणि तोच शब्द लिहा.

रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे अक्षरांच्या नमुन्याने, सगळी रूपं एका ओळीत पकडता येतात. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. ओळीच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण राहिली की ती ओळ भलत्याच लोकांचे मेल ओढून घेते. आणि मुनीमजींना ती वाचता येत नाही, साधी यादी वाचता येते.

दुसरा ढीग, सोडून गेलेल्यांचा. त्यांचा मेल नव्या माणसाकडे वळवायचा असेल तर वरचाच अलायस. पण कॉलेजमधले सर दुसरीकडे रुजू झालेत आणि त्यांचा खाजगी मेल आपण वाचू नये असं वाटत असेल, तर रिलोकेटेड_मॅप्स नावाची सोय आहे. तिथे जुना पत्ता आणि त्यांनी सांगितलेला नवा पत्ता लिहिला की पाठवणाऱ्याला "यूझर हॅज मूव्ह्ड टू" असा नकार नव्या पत्त्यासह मिळतो. ही सोय फार थोड्यांना माहीत असते.

बऱ्याच ठिकाणी काम इथेच संपतं. पुढची पायरी न वाचता थेट सहावीवर गेलात तरी चालेल.

पायरी ५: कॅच-ऑल लावायचाच असेल तर

कधी कधी लागतो. जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येताना खात्यांची पक्की यादी कुणाकडेच नसते. किंवा लहान दुकान, एकच माणूस, त्याला प्रत्येक कंपनीला वेगळा पत्ता द्यायचा असतो. या दुसऱ्या कामासाठी खरं तर रिसिपियंट_डिलिमिटर = + हे जास्त बरं. मग खरेदी+बियाणे, खरेदी+खत असे सगळे पत्ते आपोआप खरेदीकडेच येतात आणि लिंडा बाहेरच राहते.

लोकल प्रकारासाठी दोन ओळी लागतात, आणि दोन्ही लागतात:

लुझर_रिले = गोळा@लोकलहोस्ट
लोकल_रिसिपियंट_मॅप्स =

'गोळा' हे अनोळखी नावांचा मेल साठवायचं खातं. पहिल्या शब्दाचं स्पेलिंग एल-यू-एस-ई-आर. लोकल यूझरचं लघुरूप, त्यात जुन्या संगणकवाल्यांची 'लूजर'वरची कोटीही आहे. दुसऱ्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे काहीही नाही, ते राहून गेलेलं नाही. यादी रिकामी केली नाही तर दारावरचा पहारेकरी नेहमीप्रमाणे नकार देतो आणि मेल आतल्या लुझर_रिलेपर्यंत पोचतच नाही. "सेटिंग केली पण चालत नाही" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

दुसरं कारण थोडं आत आहे. लुझर_रिले पोस्टफिक्सच्या स्वतःच्या लोकल डिलिव्हरीतच चालतं आणि त्या रांगेत सर्वांत शेवटी उभं असतं. अलायस, फॉरवर्ड फाइल, मेलबॉक्स_ट्रान्सपोर्ट, फॉलबॅक_ट्रान्सपोर्ट, मग हे. तुम्ही मेलबॉक्स_ट्रान्सपोर्टने सगळा मेल डोव्हकॉटकडे (मेलबॉक्स सांभाळणारा वेगळा प्रोग्राम) देत असाल तर याची पाळी कधी येणारच नाही.

उजवीकडे एकच पत्ता द्यायला हवा असं नाही. $यूझर@दुसरासर्व्हर असं लिहिलं तर अनोळखी नावं त्याच नावाने दुसऱ्या मशीनकडे जातात. अर्धा स्टाफ इथल्या सर्व्हरवर आणि अर्धा दुसरीकडे असेल तर हे कामाला येतं. तो दुसरा सर्व्हरही अनोळखी मेल आपल्याकडेच परत पाठवत नाही ना, एवढं बघा. नाहीतर मेल दोघांत चेंडूसारखा फिरतो आणि 'टू मेनी हॉप्स' म्हणून पडतो.

व्हर्च्युअल अलायस प्रकारात फाइलमध्ये एकच ओळ:

@एक्झाम्पल.कॉम   गोळा@लोकलहोस्ट

ती फाइलमध्ये कुठेही लिहा. पोस्टफिक्स आधी पूर्ण पत्ता शोधतं आणि तो सापडला नाही तरच नुसत्या डोमेनच्या ओळीकडे येतं. उजवीकडे नुसतं 'गोळा' लिहू नका. त्यापुढे मायओरिजिन या सेटिंगमधलं डोमेन चिकटतं, आणि ते नेमकं हेच डोमेन असेल तर मेल पुन्हा याच टेबलात येऊन अडकतो.

आता तिसरा प्रकार, व्हर्च्युअल मेलबॉक्स. इथे मी स्वतः आपटलोय. एका कॉलेजात प्रवेशाच्या आठवड्यात मी वरचीच ओळ व्हर्च्युअल_अलायस_मॅप्समध्ये घातली. ज्यांचे मेलबॉक्स आहेत त्यांना त्यांचा मेल मिळेल, उरलेला कॅच-ऑलमध्ये पडेल, असं डोक्यात होतं. सकाळी आलो तर प्राचार्यांपासून ग्रंथपालांपर्यंत सगळ्यांचे इनबॉक्स कोरडे आणि सगळ्यांचा मेल एकाच डब्यात. ऑफिसमधला शिपाई सोडून सगळे मला शोधत होते.

कारण साधं आहे, पण कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. अलायसची अदलाबदल मेल आत येतानाच होते आणि मेलबॉक्सची यादी त्यानंतर बघितली जाते. प्राचार्यांचा पत्ता अलायसच्या यादीत नव्हता, मेलबॉक्सच्या यादीत होता. पोस्टफिक्सने आधी अलायसची यादी उघडली, पूर्ण पत्ता मिळाला नाही, डोमेनची ओळ मिळाली, आणि पत्ता तिथेच बदलला. मेलबॉक्सच्या यादीकडे जायला प्राचार्य उरलेच नाहीत.

उपाय म्हणजे प्रत्येक खऱ्या पत्त्याला अलायसमध्ये त्याच्याच नावाची ओळ द्यायची:

प्राचार्य@एक्झाम्पल.कॉम   प्राचार्य@एक्झाम्पल.कॉम
ग्रंथालय@एक्झाम्पल.कॉम   ग्रंथालय@एक्झाम्पल.कॉम
@एक्झाम्पल.कॉम   गोळा@एक्झाम्पल.कॉम

दिसायला खुळ्यासारखं दिसतं, पण हेच बरोबर. 'गोळा'चा मेलबॉक्सही खरोखर असला पाहिजे. खाती डेटाबेसमध्ये असतील तर व्हर्च्युअल_अलायस_मॅप्समध्ये दुसरी क्वेरी जोडा, जी मेलबॉक्सच्या तक्त्यात पत्ता सापडला तर तोच पत्ता परत देते. नाहीतर नवीन माणूस रुजू झाला की त्याची ओळ घालायची राहते आणि त्याचा मेल पुन्हा गोळ्यात.

@डोमेनची ओळ अलायसऐवजी व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्समध्येच घातली तर ही कसरत लागत नाही. मात्र मेल ठेवण्याचं काम पोस्टफिक्सचा स्वतःचा व्हर्च्युअल एजंट करत असेल तरच. डोव्हकॉट करत असेल तर त्याच्याकडे 'लिंडा' हेच नाव पोचतं, आणि तो म्हणतो असा कुणी नाही.

सेंडमेल आणि क्यूमेल हे दुसरे मेल सर्व्हर. सेंडमेलमध्ये हेच काम व्हर्टयूझरटेबलमधली @डोमेनची ओळ करते, क्यूमेलमध्ये .क्यूमेल-डिफॉल्ट नावाची फाइल. तत्त्व तेच, ढिगाराही तोच.

पायरी ६: गावाचं नाव बदललं, डोमेन बदललं

हा प्रश्न आपल्या भागात खास आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. ज्या संस्थांच्या डोमेनमध्येच जुनं नाव होतं त्यांच्यापैकी काहींनी नवं डोमेन घेतलं, आणि जुन्या पत्त्यावर येणारा मेल नव्यावर कसा न्यायचा असा फोन मला आला. पहिल्यांदा हेच सुचतं:

@जुनेडोमेन   @नवेडोमेन

हे चालतं. डावीकडचं नाव तसंच ठेवून पोस्टफिक्स फक्त डोमेन बदलतं. धोका वेगळाच आहे. या एका ओळीमुळे जुन्या डोमेनवरचा प्रत्येक पत्ता 'ओळखीचा' होतो. लिंडा जुन्या दारातून आत येते, नव्या दारात तिला नकार मिळतो, आणि आता मेल आपल्या ताब्यात असल्यामुळे तो परत पाठवायची जबाबदारी आपली. स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो. मग आपण भलत्याच कुणाला तरी "तुमचा मेल पोचला नाही" असं कळवत बसतो. अशी पत्रं पुरेशी गेली की आपला आयपी काळ्या यादीत जातो आणि मग खरे मेलही कुणी घेत नाही. दारात नाकारणं आणि आत घेऊन नाकारणं यातला फरक म्हणालो होतो, तो हा.

डोमेन लोकल प्रकारातलं असेल तर सगळ्यात सोपं: मायडेस्टिनेशनमध्ये दोन्ही डोमेन लिहा. प्रत्येक खातं दोन्ही नावांनी चालतं आणि अनोळखी दारातच अडतात. व्हर्च्युअलमध्ये एकेका पत्त्याची यादी करा, खात्यांच्या यादीवरून छोटी स्क्रिप्ट ती मिनिटात बनवते. तेही शक्य नसेल तर रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रिसिपियंट लावता येतं. त्यात पोस्टफिक्स मेल घेण्याआधी पुढच्या दारात चौकशी करून बघतं.

आणि जुनं डोमेन सोडू नका. दर वर्षी पैसे भरत राहा. मुदत संपून ते दुसऱ्या कुणी घेतलं तर तुमच्या नावाने येणारी बँकेची, विद्यापीठाची पत्रं त्याच्याकडे जातील, आणि तो तर नक्की कॅच-ऑल लावेल.

पायरी ७: तपासणी

टेबल बरोबर वाचलं जातंय का, हे असं बघा:

पोस्टमॅप -क्यू खरेदी-केएसएच@एक्झाम्पल.कॉम हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल

खरा पत्ता छापला गेला पाहिजे. पण लिंडाचा पत्ता विचारला तर काहीच येणार नाही, कॅच-ऑलची ओळ असली तरी. घाबरू नका. पोस्टमॅप दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतं, तुकडे करून बघत नाही. नुसतं @एक्झाम्पल.कॉम विचारा, मग उत्तर येईल. याच्यावर माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

खरी परीक्षा पोर्ट २५ वर, म्हणजे बाहेरचा मेल येतो त्या दारावर. सर्व्हरवरून मेल लिहून पाठवला तर तो मागच्या दाराने शिरतो आणि दारावरची तपासणी होतच नाही. म्हणून टेलनेटने लोकलहोस्टच्या २५ ला जोडा आणि हाताने बोला:

हेलो टेस्ट
मेल फ्रॉम:<मी@एक्झाम्पल.ऑर्ग>
आरसीपीटी टू:<लिंडा@एक्झाम्पल.कॉम>

इथे थांबा. २५० आलं तर दार उघडं आहे. ५५० म्हणजे बंद, आणि सॉफ्ट_बाउन्स चालू असल्यामुळे आत्ता त्या जागी ४५० दिसेल. मग क्विट टाइप करून बाहेर या, काहीही पाठवलं जात नाही. ही तपासणी तीन पत्त्यांवर करा: एक खरा, एक चुकलेल्या स्पेलिंगचा, एक लिंडाचा. कॅच-ऑल लावला असेल तर खऱ्या पत्त्यावर बाहेरून एक मेल पाठवून तो त्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडतो का ते डोळ्यांनी बघा. कॉलेजात मी नेमकं हेच केलं नव्हतं.

कॅच-ऑल चालू ठेवणार असाल तर

त्याला वेगळा मेलबॉक्स द्या, कुणाच्या रोजच्या इनबॉक्समध्ये सोडू नका. तिथून जीमेलकडे आपोआप पुढे पाठवणं तर अजिबात नको. गोळा झालेला सगळा स्पॅम आपल्या आयपीवरून जातो, एसपीएफची (हा सर्व्हर त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकतो का याची) तपासणी मोडते, आणि गुगलच्या नजरेत स्पॅमर आपण ठरतो. सुट्टीवर असल्याचं आपोआप कळवणारं उत्तरही त्या डब्यावर लावू नका.

मेल कुठल्या पत्त्यावर आला होता हे मेलच्या मथळ्यातल्या 'एक्स-ओरिजिनल-टू' या ओळीत दिसतं. आठवड्यातून एकदा त्या ओळी काढा, खरी नावं अलायसमध्ये टाका. दोन-तीन आठवडे नवं खरं नाव आलं नाही की कॅच-ऑलची ओळ पुसा आणि पोस्टमॅप चालवा. लोकल प्रकारात लुझर_रिले काढताना लोकल_रिसिपियंट_मॅप्सची रिकामी ओळही काढा, नाहीतर दार उघडंच राहील. डाळ मिलमध्ये हे करायला मला एक महिना लागला. मुनीमजींच्या वहीत आता एक पान फक्त स्पेलिंगचं आहे. नवा व्यापारी जोडला गेला की ते फोनवर विचारून घेतात, "आमच्या काकांचं नाव तुम्ही कसं लिव्हता?"

शेवटी ही ओळ:

सुडो पोस्टकॉन्फ -एक्स सॉफ्ट_बाउन्स
सुडो पोस्टफिक्स रीलोड

यातला 'एक्स' मोठा. आता पुन्हा लिंडाचा पत्ता टाकून बघा, ४५० च्या जागी ५५० दिसला पाहिजे.